पेन्सिलीची रेघ आणि प्रकाशाची सुरी

खेळण्यांतल्या विमानाविषयीं गंभीरपणें बोलावयाचें म्हटलें म्हणजे कांहीं श्रोत्यांस हंसूं येणें साहजिक आहे. अशा श्रोत्यांना मी प्रथम १८७१ सालच्या पॅरिसमध्यें नेऊं इच्छितों. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत आल्फोन्स पेनो नांवाच्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणानें ट्युइलरी बागेंत, पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारें हातभर लांबीचें एक विमान अकरा सेकंद उडवून दाखविलें. तें सुमारें चाळीस मीटर गेलें. ह्याच पेनोच्या धर्तीवर केलेलें दुसरें एक उडतें खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. त्या मुलांचीं नांवें विल्बर व ऑर्व्हिल राइट. पुढें पंचवीस वर्षांनीं त्यांनीं काय केलें, हें सांगावयास नकोच. तेव्हां लहान विमान हें मोठ्या विमानाचें लेकरूं नसून वडील भावंड आहे, एवढें ध्यानांत ठेवून आपण आजच्या विषयाकडे वळूं.

विषय असा. लहान विमानाचे भाग, म्हणजे पंखांतल्या फासळ्या, धडांतल्या आडव्या चौकटी, शेपटीचे तुकडे, हे पूर्वीं कागदावर पेन्सिलीनें व शाईनें काढीत आणि मग धारदार पात्यानें बाल्साच्या पातळ फळीतून कापीत. आतां तोच हातानें काढलेला आराखडा संगणकांत उतरवितात, त्याची एक फाईल बनते, आणि त्या फाईलच्या हुकमानें लेझरचा किरण ते भाग कापून काढतो. पुण्याच्या पेठांतून नांवाच्या पाट्या, स्मृतिचिन्हें, लग्नपत्रिका व गणपतींचीं मखरें कापून देणारीं जीं दुकानें दिसतात, त्यांच्याकडे असलेलें यंत्र तेंच. गिऱ्हाईक काम सांगून जातें, तासाभरानें येऊन घेऊन जातें. मात्र त्या यंत्रांतला किरण हा एका अर्थीं पुण्याच्याच विद्यार्थ्याचा आहे, हें दुकानदारासही बहुधा ठाऊक नसतें.

मुळा-मुठेच्या संगमाजवळचें अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. १८५४ सालीं सार्वजनिक बांधकाम खात्यास हाताखालचे कामगार अधिकारी मिळावे म्हणून जो वर्ग व जी यांत्रिक शाळा पुण्यास उघडली, तिचेंच हें वाढलेलें रूप. विश्वेश्वरय्या येथलेच. २०२२ सालापासून ह्या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा आहे. पूल, कालवे व लोहमार्ग बांधणाऱ्या माणसांचें शिक्षण रेखाटनावांचून होऊंच शकत नाहीं. त्यामुळें टी-स्क्वेअर, त्रिकोणी गुण्या व टोंक केलेली पेन्सिल हा अशा संस्थेचा कुलाचारच म्हणावयाचा. १९५८ सालीं ह्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांत चंद्रकुमार नारणभाई पटेल नांवाचे, बारामतीस जन्मलेले, वयाचीं वीस वर्षेंही नुकतीच पुरीं करणारे एक गृहस्थ होते. ते कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, १९६१ सालीं डॉक्टर झाले, आणि त्याच वर्षीं न्यू जर्सींतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत रुजू झाले.

लेझर ही वस्तु त्या वेळीं एक वर्षाची होती. १९६० च्या मे महिन्यांत मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेझर-किरण काढला होता. त्यानंतर जे वायूंचे लेझर निघाले ते सुट्या अणूंवर चालत, आणि त्यांची शक्ति इतकी थोडी असे कीं त्यांनीं कागदही करपला नसता. पटेल यांनीं अणु सोडून रेणु धरला, आणि तोही अगदीं घरगुती: आपण श्वासावाटे बाहेर टाकतों तो कार्बन डाय-ऑक्साइड. ह्या रेणूचे तीन अणु एका ओळींत असतात व ते निरनिराळ्या तऱ्हांनीं कंप पावतात. त्या कंपनांच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतांना जो प्रकाश बाहेर पडतो त्याचा त्यांनीं १९६४ सालीं अखंड किरण बनविला. नळींत नायट्रोजन मिसळला तर तो विजेपासून घेतलेली ऊर्जा शेजारच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या पदरांत जवळजवळ जशीच्या तशी घालतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें हेलियमही मिसळला, आणि १९६५ सालीं किरणाची शक्ति शंभर वॅटच्या घरांत गेली. आज फासळ्या कापणाऱ्या लहान यंत्रांतही चाळीस ते शंभर वॅटचाच किरण असतो.

हा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. त्याच्या लाटेची लांबी १०·६ मायक्रॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या सुमारें वीस पट. त्यास साधी कांच म्हणजे भिंतच. म्हणून त्याचें भिंग झिंक सेलेनाइड नांवाच्या पिवळसर पदार्थाचें करावें लागतें. लांकूड, कागद व अ‍ॅक्रिलिक हीं मात्र त्यास अधाशीपणें शोषून घेतात. भिंगानें तो केसाच्या जाडीएवढ्या बिंदूंत गोळा केला कीं त्या बिंदूपुरतें लांकूड पेट न घेतां वाफ होऊन उडून जातें, आणि जवळच्या नळींतून येणारा वाऱ्याचा झोत धूर व राख बाजूस सारतो. कापलेली कड तव्यावर थोडी अधिक राहिलेल्या भाकरीच्या कडेसारखी तपकिरी दिसते. १९६७ सालीं इंग्लंडांत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनीं तीनशें वॅटच्या अशा किरणास ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन पोलादाचा पातळ पत्रा कापला, आणि किरणाची खरोखरी सुरी झाली. तिचा आरंभींचा एक उपयोग मोठा मौजेचा आहे. पुठ्ठ्याचीं खोकीं कापण्यासाठीं पोलादी पातीं बसविलेले लांकडी साचे लागत. त्या साच्यांत पात्यांसाठीं ज्या बारीक खांचा पाडावयाच्या त्या कामीं हा किरण लागला. लहान विमानांच्या बाजारी पेट्यांतले भागही बरींच वर्षें पातीं बसविलेल्या साच्यांनींच दाबून काढीत, आणि पातें बोथट झालें म्हणजे बाल्सा कापला न जातां चिरडला जाई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ह्या पेट्यांतूनही साचा निघाला व किरण आला.

सुरीची हकीकत झाली. आतां ती जिच्यावरून चालावयाची त्या रेघेची हकीकत पाहूं. ती जुनी आहे आणि माझ्या मतें अधिक महत्त्वाची आहे.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या जहाजांपैकीं 'ट्रिंकोमली' नांवाचें सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. त्याचा आराखडा इंग्रजी आरमाराच्या कचेरींत काढलेला होता. मुंबईकडे पाठविलेली त्याची पहिली नक्कल 'जावा' ह्या जहाजावर होती. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजानें 'जावा'चा नाश केला आणि आराखडाही गेला. दुसरी नक्कल येईपर्यंत काम अडून राहिलें. शेवटीं १८१६ सालीं जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं तळाचा वासा बसला व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत लोटलें. त्यानंतर चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली, हा निव्वळ योगायोग. पण पुणेकराच्या मनांत तारखा अशाच शेजारीं बसतात.

आरमारी आराखडे अठ्ठेचाळिसास एक ह्या प्रमाणानें काढीत. कागदावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर खऱ्या जहाजावर तिची जाडी चोवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच होते. मग फळी रेघेच्या आंतल्या कडेनें कापावयाची कीं बाहेरच्या? ह्या प्रश्नाचें उत्तर कागदांत नव्हतें. म्हणून जहाज बांधणारे लोक तोच आराखडा मोठ्या माळ्याच्या जमिनीवर पूर्ण आकाराचा पुन्हां काढीत. लांकडाची एक लांब लवचीक पट्टी खुणेच्या बिंदूंतून वांकवून नेत, जागोजाग शिशाचीं वजनें ठेवीत, आणि पट्टी जेथें कुरकुर करी तेथें बिंदु थोडा सरकवीत. पट्टी आपण होऊन ज्या वळणानें बसे तें वळण खरें. कागद एक सांगे, पट्टी किंचित् निराळें सांगे, आणि निकाल सुतार देई.

विमानांच्या कारखान्यांनीं ही पद्धत जहाजवाल्यांकडूनच घेतली. दुसऱ्या महायुद्धांत मात्र तिला अंकांची जोड मिळाली. अमेरिकेच्या 'मस्टँग' विमानाचीं वळणें रॉय लायमिंग यांनीं समीकरणांत मांडलीं, म्हणजे ज्या कारखान्यास तें विमान करावयाचें त्यानें कागद न मोजतां आंकडे पाहावे. १९४६ सालीं शोनबर्ग ह्या गणितज्ञानें लवचीक पट्टीच्या वळणाचें शास्त्र लिहिलें व पट्टीचेंच नांव त्या वळणास दिलें. पुढें फ्रान्समध्यें सिट्रोएन मोटारींच्या कारखान्यांत द कास्तेल्जो यांनीं १९५९ सालीं, आणि रेनॉच्या कारखान्यांत बेझिए यांनीं लवकरच, वळणदार रेषा चार बिंदूंनीं बांधून टाकण्याची युक्ति काढली. दोन बिंदु रेषेच्या टोंकांस. उरलेले दोन रेषेच्या बाहेर राहून तिला आपल्याकडे ओढतात. शिशाच्या वजनांचें काम आतां ह्या बिंदूंकडे आलें. फाईल, फाईल म्हणून जें म्हणतात तें याहून फार निराळें नाहीं: कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत, कोणत्या ओढीनें जावयाचें, याची ती यादी होय. १९८२ सालीं ऑटोकॅड हा रेखाटनाचा कार्यक्रम निघाला व त्याच्याबरोबर अशी यादी लिहिण्याची एक ठराविक रीतही निघाली. लेझरचीं दुकानें ती आजही मागतात.

आतां लहान विमानांकडे येऊं. १९३५ सालीं इंग्लंडांत 'एअरोमॉडेलर' हें मासिक निघालें. अशा मासिकांतून व त्यांच्याकडून मागविलेल्या कागदांतून विमानांचे पूर्ण आकाराचे आराखडे जगभर गेले. ते काढणारे बहुतेक हौशी गृहस्थ. दिवसा नोकरी करावी व रात्रीं जेवणाच्या टेबलावर कागद पसरावा, अशांतले. बाजारी पेट्यांत बाल्साच्या फळीवर भाग नुसते छापलेले असत व कापण्याचें काम गिऱ्हाइकाकडे असे. ज्याच्याजवळ केवळ आराखडा असे तो कागद फळीवर ठेवून रेघेवरून टांचणीनें भोंके पाडी, आणि मग फळीवर उमटलेले ठिपके जोडी. आपल्याकडे भोंके पाडलेल्या कागदांतून रांगोळीचे ठिपके जमिनीवर उतरवितात, त्याच जातीची ही युक्ति. आपल्या देशांत ह्या छंदास राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदलाच्या शाखेनें बराच आधार दिला. परंतु बाल्सा हें दक्षिण अमेरिकेंतल्या एक्वेडोरकडचें लांकूड. तें येथें बाहेरून येतें व स्वस्त नसतें. त्यामुळें चुकलेली फासळी ही आपल्याकडे नेहमींच जिवाला लागणारी गोष्ट झाली आहे.

हे आराखडे आतां नाहींसे होत आहेत. हर्शेल यांनीं १८४२ सालीं शोधलेल्या निळ्या छपाईच्या प्रती धुवून वाळवाव्या लागत व त्यांत कागद आटे. पुढें अमोनियाच्या वाफेवर निघणाऱ्या प्रती आल्या. त्या उजेडांत पुसट होत जातात. घडीवरचा भाग तर प्रथम जातो, आणि पंखाची नेमकी एखादी चौकट त्या घडींत सांपडलेली असते. काढणारे बहुतेक हयात नाहींत. म्हणून ज्यांच्याकडे असे कागद आहेत ते लोक ते संगणकांत उतरवूं लागले आहेत; आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं कागदाचें छायाचित्र घेतलें, संगणकास 'रेघा ओळख' म्हणून सांगितलें, कीं काम झालें. तसें करून पाहणारास पहिला अनुभव येतो तो असा, कीं संगणक एका रेघेच्या दोन रेघा करतो. त्यास रेघ दिसत नाहीं, काळा पट्टा दिसतो. तो पट्ट्याच्या दोन्ही कडा इमानानें उतरून देतो आणि यंत्र दोन्ही कडांवरून कापतें. शिवाय कागदाचा खरखरीतपणा, शाईची फूट व मध्येंच पडलेला चहाचा डाग हेंही सारें तो त्याच इमानानें उतरतो. जें वळण चार बिंदूंत बसावें त्यास चारशें बिंदु लागतात, किरण पावलोपावलीं थबकतो, आणि जेथें थबकतो तेथें लांकूड अधिक जळतें. म्हणून जाणते लोक छायाचित्र पडद्यावर खालीं ठेवतात व त्याच्यावर सारें पुन्हां हातानेंच रेखाटतात. दर इंचास तीनशें ठिपके घेतले तर एक ठिपका ०·०८५ मिलिमीटरचा होतो. पेन्सिलीची रेघ याच्या चार-सहा पट जाड असते. म्हणजे नजर पेन्सिलीपेक्षां बारीक झाली, पण रेघेचा मध्य कोठें हें अजून माणसासच ठरवावें लागतें.

त्याआधीं एक काम असतें. कागद आटला किंवा फुगला आहे कीं काय, हें आराखड्यावरच्या मापाच्या रेघेवरून, आणि ती नसल्यास लिहिलेल्या एखाद्या अंकावरून, उभें व आडवें असें दोन्ही दिशांनीं वेगवेगळें ताडून पाहावयाचें. शेंकडा एक एवढा फरक क्षुल्लक वाटतो. पण मीटरभर लांबीच्या पंखांत तो दहा मिलिमीटरांचा होतो, आणि तीन मिलिमीटरची काठी त्या खांचेंत मग बसत नाहीं.

श्रोतेहो, येथवरचें काम कष्टाचें असलें तरी सरळ आहे. पुढचें तसें नाहीं, आणि तें समजावून देण्यास मला पुण्याइतकें दुसरें योग्य गांव दिसत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम सुरू झालें. १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं तें चालविलें, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें अभ्यासिलीं गेलीं. हीं हस्तलिखितें नकलांच्या नकला. नकल करणारानें कोठें अक्षर गाळलें, कोठें ओळ दोनदां लिहिली. ह्या चुका झाल्या, व त्या दुरुस्त करणें सोपें. परंतु कित्येकदां नकल करणारा शहाणा असे. मुळांतला अवघड शब्द त्यास चूक वाटे, आणि तो त्या जागीं सोपा व व्याकरणशुद्ध शब्द घाली. म्हणून पाठ-चिकित्सेचा एक नियमच होऊन बसला कीं दोन पाठांपैकीं जो अवघड असेल त्याच्याविषयीं आधीं आदर धरावा. अडाणी लेखकापेक्षां शहाण्या लेखकानें केलेलें नुकसान शोधून काढणें कठीण.

विमानाच्या आराखड्यांत हें नेमकें कसें घडतें, त्याचें एक उदाहरण देतों. धडाच्या पुढच्या तोंडाशीं एक जाड फळी असते, तिच्यावर इंजिन बसतें. संगणकावर काम करणारास मोजतांना आढळतें कीं धडाची उजवी बाजू डावीपेक्षां दोन मिलिमीटर आंखूड आहे व ती फळी त्यामुळें किंचित् तिरपी बसते. हातानें काढलेलें चित्र; दोन मिलिमीटर चुकणारच! तो दोन्ही बाजू सारख्या करतो. संगणकांत हें काम एका क्षणाचें आहे: अर्धी बाजू पुसावी व उरलेल्या अर्ध्याचें आरशांतलें प्रतिबिंब घ्यावें. चित्र पूर्वींपेक्षां सुबक दिसूं लागतें. परंतु पंखा मागून पाहतां घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरत असला म्हणजे जोरांत चढतांना विमान डावीकडे ओढलें जातें. तें सांवरण्यासाठीं काढणारानें इंजिन मुद्दाम दोन अंश उजवीकडे वळविलेलें असतें. साठ मिलिमीटर रुंदीच्या फळीवर दोन अंश म्हणजे दोन मिलिमीटरच होतात. ज्यास चूक समजून सरळ केलें तें त्या मनुष्यानें दहा वेळां विमान पाडून मिळविलेलें ज्ञान असूं शकतें. आणि कागदावरची चूक एका कागदापुरती असते. फाईलमधली चूक जितक्या ठिकाणीं फाईल जाईल तितक्या ठिकाणीं, तितक्याच सुबकपणें, कापून निघते.

मग चूक कोणती व हेतु कोणता, हें ठरवावें कसें? महाभारताच्या संपादकांनीं ठरविलें तसेंच, साक्षी जमवून. वरून पाहिलेल्या आकृतींत इंजिनाची मध्यरेषा तिरपी आहे काय? बाजूच्या तुकड्यांच्या लांबींत तोच फरक आहे काय? दोन आकृती परस्परांपासून स्वतंत्र काढलेल्या असून एकच गोष्ट सांगत असतील, तर ती चूक नव्हे. त्याच आराखड्याची दुसरी प्रत मिळाली तर उत्तम. मासिकांत आलेला मजकूर मिळाला तर फारच उत्तम. उलट, धडाच्या मधल्या एकाच चौकटीचा डावा कोपरा अर्धा मिलिमीटर वर असेल आणि शेजारच्या दोन्ही चौकटींचा नसेल, तर तो हात थकल्याचा पुरावा समजून खुशाल सारखा करावा. मला तर अशा वेळीं रात्रीं अकराच्या दिव्याखालीं डोळे चोळीत बसलेला तो गृहस्थ दिसूं लागतो.

फासळ्यांच्या बाबतींत कधीं कधीं एक बाहेरचा साक्षीदारही मिळतो. पंखाचा छेद प्रसिद्ध जातीचा असला तर त्याचे आंकडे छापलेले आहेत. व्हर्जिनियस क्लार्क यांनीं १९२२ सालीं काढलेला 'क्लार्क वाय' हा छेद हौशी लोकांच्या फार आवडीचा, कारण त्याची खालची बाजू पुढचा थोडा भाग सोडल्यास सपाट असते व पंख टेबलावर ठेवून जोडतां येतो. त्याची जाडी रुंदीच्या शेंकडा ११·७. दीडशें मिलिमीटर रुंदीची फासळी असल्यास जाडी सुमारें साडेसतरा मिलिमीटर हवी. आतां पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ वरच्या व खालच्या दोन्ही अंगांनीं आंतून धरावी कीं बाहेरून, यांत एक मिलिमीटरचा फरक पडतो. पण येथें आंकडाच निवाडा करतो. अमेरिकन सरकारच्या विमानविद्या समितीनें १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या छेदांचीं तर नांवेंच मापें आहेत. २४१२ म्हणजे शेंकडा दोन बांक, तो रुंदीच्या चार दशांशावर, आणि जाडी शेंकडा बारा. मात्र कित्येक हौशी माणसांनीं आपला छेद आपणच काढलेला असतो, बुटाच्या तळव्याचा आकार घेऊन काढला असेंही ते थट्टेनें सांगत. तेथें छापील छेद बसवूं नये. थोडे बिंदु घ्यावे, ते जपून ठेवावे, आणि वळण लवचीक पट्टीसारखें आपोआप बसूं द्यावें.

निमुळत्या पंखांत अडचण आणखी वाढते. काढणारानें बहुधा मुळाकडची एक व टोंकाकडची एक अशा दोनच फासळ्या काढलेल्या असतात. मधल्या काढण्याची त्यास गरज नव्हती. करणारा त्या दोन फासळ्या प्लायवुडच्या करी, मध्यें बाल्साचे चौकोनी तुकडे रचून गठ्ठा आवळी, आणि पातें व पॉलिश-पेपर यांनीं सगळा गठ्ठा एकदम घासून काढी. अशा फासळ्यांच्या कडा तिरप्या येत व पंखावरचें पातळ कापड नीट बसे. किरण तिरपें कापीत नाहीं, तो सरळ खालीं जातो. म्हणून फाईलमधल्या मधल्या फासळ्या आंकडेमोडीनें काढतांना त्या मोठ्या तोंडाच्या मापानें काढाव्या व उरलेलें घासण्याचें काम करणाराच्या हातीं ठेवावें, हें बरें. सारेंच यंत्रानें करावें असा आग्रह धरणारास हें आवडत नाहीं. मला मात्र थोडें घासणें शिल्लक राहिलें याचा आनंदच होतो.

छेदाच्या रुंदीचा हिशेब दुकानदारास विचारून करावा लागतो, कारण तो यंत्रागणिक निराळा. किरण रेघेवरून जातो तेव्हां सुमारें ०·२ मिलिमीटर लांकूड खाऊन टाकतो, निम्में रेघेच्या अलीकडचें व निम्में पलीकडचें. त्यामुळें तीन मिलिमीटरची काढलेली खांच ३·२ होते आणि तीन मिलिमीटरचा काढलेला दांता २·८ होतो. दोघांची गांठ पडली कीं खुळखुळा. खांच २·८ काढावी, दांता ३·२ काढावा. बाल्सा मऊ असल्यामुळें थोडा दाब सोसतो, प्लायवुड सोसत नाहीं. आणि फळीची जाडी छापील आंकड्यावरून न धरतां प्रत्यक्ष मोजावी. तीन मिलिमीटर म्हणून विकत घेतलेली फळी तीनच मिलिमीटरची असते असा माझा तरी अनुभव नाहीं.

शेवटचें काम सर्व भाग फळीवर मांडण्याचें. लांकूड महाग असल्यामुळें संगणक भाग फिरवून, उलटे करून, कोपऱ्यांत घुसवून एका फळींत जितके मावतील तितके बसवितो. त्याच्या दृष्टीनें फळी ही कोरी जागा आहे. पण लांकडास रेषा असतात. फासळीच्या लांबीस समांतर रेषा असल्या म्हणजे ती वाऱ्याचा भार घेते; आडव्या असल्या म्हणजे हातांत धरतांनाच मोडते. जुन्या आराखड्यांत म्हणून प्रत्येक भागावर एक लहानसा दुहेरी बाण काढलेला असतो. रेघा पुन्हां काढतांना पुष्कळ लोक तो गाळतात, कारण तो कापावयाच्या आकाराचा भाग नसतो. जे जपून काम करतात ते बाण ठेवतात, भागाचा क्रमांक ठेवतात, आणि आराखडा काढणाराचें नांवही ठेवतात. पण वेगळ्या रंगाच्या रेघेनें, आणि दुकानदारास बजावून, कीं ह्या रंगाची रेघ कापावयाची नाहीं, मंद किरणानें नुसती उमटवावयाची.